वाढत्या रात्रीतील वाढता प्रकाश

नाताळापूर्वीच्या चार रविवारांच्या काळास ख्रिस्ती मंडळीत आगमनकाळ म्हणतात. या काळात पुष्कळ उपासनामंदिरांतून हिरव्या पानांच्या चक्रावर चार मेणबत्त्या मांडलेल्या असतात व दर रविवारी त्यांतील एक एक अधिक लावली जाते. ही चाल कोठून आली व तिचे मर्म काय, हे आमच्या विद्यार्थिमित्रांस व त्यांच्या पालकांस थोडक्यात सांगावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

जर्मनीतील हांबुर्ग शहरी योहान हिन्‍रिख विखर्न (१८०८-१८८१) नावाचे धर्मसेवक होऊन गेले. तरुणपणी रविवारच्या शाळेत शिकवीत असता गरीब वस्तीतील मुलांची दैना त्यांच्या दृष्टीस पडली. तेव्हा १८३३ साली त्यांनी शहराबाहेर ‘राउहेस हाउस’ हे घर अशा मुलांकरिता उघडले. दहाबारा मुलांचे एक कुटुंब व त्यांच्यासह राहणारा एक वडीलभाऊ, अशी तेथील व्यवस्था असे.

“नाताळ केव्हा येणार?” असे ही मुले वारंवार विचारीत. म्हणून १८३९ साली विखर्न यांनी एका लाकडी चाकावर मेणबत्त्या बसविल्या. चार रविवारांकरिता चार मोठ्या पांढऱ्या, व मधल्या दिवसांकरिता लहान तांबड्या. रोज प्रार्थनेच्या वेळी एक ज्योत अधिक लागे. त्या वर्षी आगमनकाळ १ डिसेंबरास लागला; तेव्हा २४ तारखेपर्यंत दिवसाला एक याप्रमाणे चोवीस ज्योती होतात.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. हांबुर्ग पुष्कळ उत्तरेस असल्यामुळे डिसेंबरात तेथील दिवस लहान लहान होत जाऊन २२ तारखेच्या सुमारास अवघा साडेसात तासांचा उरतो. आपल्या मुंबईत सर्वांत लहान दिवसही सुमारे अकरा तासांचा असतो. म्हणजे रात्र जसजशी वाढे, तसतशा त्या मुलांपुढील ज्योतीही वाढत. विखर्न यांनी दिवे लावण्याकरिता रात्र सरण्याची वाट पाहिली नाही.

ख्रिस्ती आशेचे स्वरूप असेच आहे. योहानाचे शुभवर्तमान आरंभीच प्रकाश व अंधार यांविषयी बोलते. अंधार नाहीच, असे ते म्हणत नाही. प्रकाशाला तो गिळू शकला नाही, एवढेच सांगते. प्रभूच्या जन्माची वार्ता मेंढपाळांस रात्रीच मिळाली. त्याच्या मरणसमयी भर दुपारी काळोख पडला, आणि रिकामी कबर पहाटेस दिसली.

ज्या घरी यंदा आजार आला, किंवा पंक्तीतील एक पान कायमचे कमी झाले, त्या घरास “दुःख करू नका” असे सांगणे हे सांत्वन नव्हे. पहिल्या रविवारची एकच ज्योत सारे दालन उजळीत नाही, हे खरे. परंतु जवळ बसलेल्याचे मुख तिच्या उजेडात दिसते, आणि तिच्यावरून दुसरी ज्योत लावता येते. बालमित्रहो, तुमच्या शेजारी कोणी दुःखात असेल, तर त्याच्याजवळ जाऊन बसा. त्याच्या रात्रीतील पहिली ज्योत कदाचित तुमच्याच हातून लागावयाची असेल.