बँकेचें खरें पत्र आणि संगणकाची चाळणी

रत्नागिरींतील एखादे सेवानिवृत्त गृहस्थ आपल्या मुदतठेवीविषयींच्या सूचनेची वाट पाहात असावेत, बँकेनें ती ई-मेलनें वेळेवर धाडलेली असावी, आणि तरीहि ती त्यांच्या दृष्टीस पडूं नये, असें आज अनेक घरीं घडूं शकतें. पत्र हरवलेलें नसतें. संगणकाच्या चाळणीनें तें लबाडाचें समजून ‘स्पॅम’ नांवाच्या कप्प्यांत टाकलेलें असतें, आणि जीमेलच्या या कप्प्यांतील पत्रें तीस दिवसांनीं आपोआप नष्ट होतात. खऱ्या पत्रावर हा आळ कां यावा?

याचें मूळ ई-मेलच्या घडणींतच आहे. १९८२ सालीं या टपालाचे जे नियम ठरले, त्यांत पाठविणाऱ्याचें नांव पडताळण्याची सोय नव्हती. पाकिटावर कोणींहि कोणाचेंहि नांव लिहावें, तसाच हा प्रकार. पुढें लबाडांचा सुळसुळाट झाला, तेव्हां चाळण्या आल्या. अमुक शब्द लबाड पत्रांत किती वेळां येतो व सज्जन पत्रांत किती वेळां येतो, हें मोजून नव्या पत्राची परीक्षा करावी, ही रीत पॉल ग्रॅहॅम यांच्या २००२ सालच्या लेखानें लोकप्रिय झाली. तिचा पाया थॉमस बेझ यांचें १७६३ सालीं प्रसिद्ध झालेलें संभाव्यतेचें गणित. परंतु ‘खातें’, ‘केवायसी’, ‘त्वरित’ हे शब्द मूळचे बँकेचे; लबाडानें ते तिच्याकडूनच उचलले. चोरानें सावकाराचा वेष घेतला, कीं पहारेकरी सावकारालाहि अडवितो.

म्हणून शब्दांखेरीज शिक्क्यांचीहि तपासणी सुरू झाली. ‘एसपीएफ’ म्हणजे कोणत्या संगणकांस त्या नांवानें पत्र धाडण्याची मुभा आहे, याची यादी. ‘डीकेआयएम’ म्हणजे पत्रावरील गुप्त मोहोर. आणि यांपैकीं कांहींच जुळलें नाहीं तर पत्राचें काय करावें, ही आज्ञा म्हणजे ‘डीमार्क’. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल व याहू यांनीं घाऊक पत्रें धाडणाऱ्यांस हे शिक्के आवश्यक केले. बँकेनें पत्रें धाडण्याचें काम बाहेरच्या कंपनीस दिलें व तिचे संगणक यादींत नोंदविले नाहींत, तर खरें पत्रहि संशयास्पद ठरतें. वडिलांचीं पत्रें मुंबईच्या मुलाच्या पेटींत आपोआप वळविलेलीं असलीं, तरीहि तीं शेवटीं यादीबाहेरच्या संगणकाकडून येतात, आणि तीच अडचण उद्भवते.

रिझर्व्ह बँकेनें २२ एप्रिल २०२५ च्या परिपत्रकानें बँकांस ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत ‘.बँक.इन’ या केवळ बँकांसाठीं राखलेल्या नांवाखालीं येण्यास सांगितलें. ही खूण उपयोगी आहे. मात्र नवें नांव चाळणीस प्रथम अनोळखीच असतें.

यास्तव आठवड्यांतून एकदां तो कप्पा उघडून पाहावा. तेथें बँकेचें पत्र दिसल्यास त्यांतील दुवा दाबूं नये. पासबुकावरील दूरध्वनीवर अथवा शाखेंत जाऊन चौकशी करावी. पत्र खरें ठरल्यावर ‘स्पॅम नाहीं’ अशी खूण करावी. चाळणी त्यावरून शिकते. पाखडलेला कोंडा टाकण्यापूर्वीं त्यांत दाणा गेला नाहीं ना, हें कोंकणांतील गृहिणी हातानें चाळून पाहते. तेवढीच दक्षता येथें पुरे आहे.