एका 'जी'चा फरक

ॲडमिशन झाली, हॉस्टेलची रूम मिळाली, की पुढचा प्रश्न ठरलेला : पीसी कुठला घ्यायचा? घरून पैसे एकदाच येतात आणि त्यात चार वर्षं काढायची असतात. मग विंगमधले सगळे तज्ज्ञ जमतात आणि गोंधळ आणखी वाढतो! कमी बजेटवाल्यांची गाडी बरेचदा एएमडीच्या दोन प्रोसेसरपाशी येऊन अडते : रायझन ५ ५६०० आणि रायझन ५ ५६००जी. नाव जवळपास एकच, म्हणून लोकांना वाटतं वस्तूही एकच. तसं नाहीये. (माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं, त्यामुळे ह्या लेखात मी प्रोसेसरला प्रोसेसरच म्हणणार. मराठीप्रेमींनी सांभाळून घ्यावं.)

आधी सारखं काय ते बघू. दोन्हींत ६ कोअर आणि १२ थ्रेड, दोन्ही झेन ३ डिझाइनचे, दोन्हींचा कमाल वेग ४.४ गिगाहर्ट्झ, दोन्ही ६५ वॉटचे आणि दोन्ही एएम४ मदरबोर्डवर बसतात. त्यामुळे ब्राउझरमध्ये वीस टॅब, रिपोर्ट टाइप करणं, सी++ चा प्रोग्रॅम कंपाइल करणं, अशा रोजच्या कामांत फरक सहसा जाणवत नाही. खरं भांडण गेमिंगचं आहे.

'जी' म्हणजे ग्राफिक्स. २०२१ मध्ये आलेल्या ५६००जीच्या आतच वेगा ग्राफिक्स आहे. मॉनिटरची केबल मदरबोर्डला लावली की चित्र दिसतं. २०२२ मध्ये आलेल्या ५६०० मध्ये ते नाहीच. वेगळं ग्राफिक्स कार्ड नसेल तर पंखा फिरतो, लाइट लागतात आणि स्क्रीन मात्र काळी! आमच्या विंगमधल्या एका ज्युनियरला दुकानदाराने "हा नवा आहे, हाच घे" म्हणून ५६०० दिला. कार्डासाठी पैसे उरले नव्हते. दीड महिना पीसी कपाटाशेजारी नुसता उभा, आणि हा बिचारा असाइनमेंट करायला लॅबमध्ये!

मग सगळ्यांनी ५६००जीच घ्यावा का? थांबा. त्यात कॅश कमी आहे. कॅश म्हणजे रोकड नव्हे (ती तर आपल्या सगळ्यांकडेच कमी!), प्रोसेसरच्या आतली छोटी पण फार वेगवान मेमरी. परीक्षेच्या रात्री हवं ते पुस्तक टेबलावर असलं तर हात लांबवला की झालं, नाहीतर लायब्ररीपर्यंत चालत जा. टेबल म्हणजे कॅश, लायब्ररी म्हणजे रॅम. ५६०० चं एल३ कॅश ३२ एमबी, ५६००जीचं १६ एमबी. गेममध्ये प्रोसेसरला सतत इकडचा तिकडचा डेटा लागतो, म्हणून चांगलं कार्ड लावलं की ५६०० पुढे जातो. शिवाय ५६००जी पीसीआय एक्सप्रेस ३.० वरच थांबतो, तर ५६०० ला बी५५० सारख्या बोर्डावर ४.० मिळतं.

५६००जी घेणार असाल तर रॅम नीट निवडा. आतल्या ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते, ते रॅममधूनच उसनी घेतं. डीडीआर४ ३२०० ची एक स्टिक सेकंदाला जास्तीत जास्त २५.६ जीबी डेटा देते. दोन स्टिक दोन चॅनलमध्ये लावल्या की ५१.२ जीबी. म्हणून १६ जीबीची एक घेण्यापेक्षा ८-८ च्या दोन घ्या. मग व्हॅलोरंट किंवा जीटीए ५ सेटिंग कमी ठेवून मजेत खेळता येतात. नव्या जड गेम्सची अपेक्षा मात्र ठेवू नका.

तर मंडळी, दुकानात जाण्याआधी एकच प्रश्न स्वतःला विचारा : कार्ड आजच घेणार आहे का? हो, तर ५६००. नाही, तर डोळे मिटून ५६००जी. पुढे इंटर्नशिपचे पैसे आले की त्यालाही कार्ड लावता येतं. थोडे फ्रेम कमी मिळतील, पण तोपर्यंत पीसी चालू तर राहील!