आवाज आपला, कविता कोणाची?

कोरेगावात घरबसल्या जुनी कविता वाचून, मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून ती सर्वांसाठी मोफत ठेवता येते. त्याआधी एवढे पाहा :

● नमुना : ‘लिब्रिव्हॉक्स’. ह्यू मॅग्वायर यांनी २००५ मध्ये मॉन्ट्रियलहून सुरू केलेला मोफत ध्वनिपुस्तकांचा प्रकल्प. वाचक सगळे स्वयंसेवक. एकच कविता अनेकांनी वाचण्याचा साप्ताहिक उपक्रमही तिथे चालतो.

● कायदा : भारतात कवीच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या कवितेवरचा हक्क त्याच्या निधनानंतर ६० वर्षे टिकतो. मोजणी पुढच्या १ जानेवारीपासून.

● खुले : केशवसुत (निधन १९०५), बालकवी (१९१८), गोविंदाग्रज (१९१९), भा. रा. तांबे (१९४१). मूळ सातारा जिल्ह्यातल्या मर्ढ्याचे बा. सी. मर्ढेकर (१९५६) २०१७ पासून.

● थांबा : चाफळचे कवी यशवंत (१९८५) २०४६ मध्ये, कुसुमाग्रज (१९९९) २०६० मध्ये खुले होतील. तोवर वारसांची परवानगी हवी.

● जपून : कविता खुली असली तरी नव्या आवृत्तीतली प्रस्तावना आणि टीपा खुल्या असतीलच असे नाही. त्या वाचू नका.

● वेळ : पंखा बंद, खिडकी बंद. पुणे–मिरज मार्गावरच्या गाडीची शिटी मात्र वेळापत्रक पाहूनच टाळावी!