'भारी' जमीन खरोखर भारी असते का?

बुऱ्हाणपूरच्या परिसरात जमिनीचे वर्णन करताना दोन शब्द सहज तोंडी येतात : भारी आणि हलकी. तापीच्या खोऱ्यातली खोल, काळी, केळीला मानवणारी जमीन भारी. सातपुड्याच्या पायथ्याची उथळ, रेताड किंवा मुरमाड जमीन हलकी. हेच शब्द विज्ञानाच्या धड्यात आले की मात्र घोटाळा होतो. काळ्या व रेताड जमिनीतून सारख्या मापाचे दोन तुकडे जसेच्या तसे काढले, पूर्ण वाळवले आणि तोलले, तर बहुधा 'हलकी' जमीनच वजनाला जास्त भरते.

या तोलण्यालाच 'शुष्क घनता' म्हणतात. ठराविक जागेत, पाणी वगळून, माती किती भरली आहे हे ती सांगते. ती मोजण्याची रीत सोपी आहे. 10 सेंटिमीटर आतील व्यासाचे, सुमारे 13 सेंटिमीटर उंचीचे लोखंडी नळकांडे जमिनीत ठोकतात व मातीसह उकरून काढतात. त्यात सुमारे 1000 घनसेंटिमीटर माती मावते. समजा, ती ओली माती 1560 ग्रॅम भरली. भट्टीत 105 ते 110 अंश सेल्सिअसवर सुमारे 24 तास वाळवल्यावर 1200 ग्रॅम उरली. म्हणजे शुष्क घनता दर घनसेंटिमीटरला 1.2 ग्रॅम. मुरमाड जमिनीत नळकांडे शिरत नाही. तेथे लहान खड्डा करून निघालेली माती तोलतात आणि खड्ड्यात ज्ञात घनतेची वाळू ओतून त्याचे आकारमान काढतात.

मातीच्या कणांची स्वतःची घनता साधारण 2.65 असते. मग 1.2 हा आकडा काय सांगतो? निम्म्याहून अधिक जागा कणांची नाहीच. ती हवा, पाणी आणि मुळांची आहे. चिकणमातीत अशा बारीक पोकळ्या पुष्कळ असतात, म्हणून तिची शुष्क घनता बहुधा 1.1 ते 1.4 असते. रेताड जमिनीत पोकळ्या मोठ्या, पण एकूण जागा कमी, तेथे 1.5 ते 1.7 हा आकडा नेहमीचा.

म्हणजे शेतकऱ्याचा शब्द चुकला काय? मुळीच नाही. त्याच्या 'भारी'त औताला बसणारी ओढ, मातीची खोली आणि ओल धरण्याची ताकद येते. तराजूचे वजन त्याला अभिप्रेतच नसते. चूक होते ती शब्दावरून आकडा ताडणाऱ्याची.

दुसरी अडचण परिभाषेची. 'बल्क डेन्सिटी' म्हणजे 'स्थूल घनता'. कृषिशास्त्रात ती वाळवलेल्या मातीच्या वजनावरून काढतात, तर स्थापत्यशास्त्रात ओलाव्यासकट. वरच्याच नमुन्याची स्थूल घनता एका पुस्तकात 1.2, तर दुसऱ्यात 1.56 होईल. भाषांतरकाराने म्हणूनच शास्त्र कोणते हे आधी पाहावे.

आकड्याचा अर्थही जमिनीगणिक बदलतो. रेताड जमिनीत 1.5 ला मुळे सुखाने वाढतात. काळ्या जमिनीत त्याच आकड्याला त्यांची वाट जवळजवळ बंद होते. ओल्या रानात ट्रॅक्टर फिरला की पोकळ्या दबतात आणि घनता वाढते. 'वापसा येऊ द्या, मग औत घाला' या सांगण्यामागचे कारण हेच. शिवाय काळी माती ओलीने फुगते, उन्हाने आक्रसते व भेगाळते. त्यामुळे एकाच शेताचे पावसाळ्यातले आणि उन्हाळ्यातले आकडे वेगळे येतात.

तेव्हा घनतेचा नुसता आकडा लिहून भागत नाही. माती कोणती, किती खोलीवरची आणि मोजताना ओल किती, हेही सोबत लिहावे. आणि वर्गात 'भारी' हा शब्द खोडू नये. तो कशाचे माप आहे, ते विद्यार्थ्यांना सांगावे.