तसबीर आणि तिचा न चिकटणारा कागद

तुळजापुरास जाऊन आलेलें कुटुंब रित्या हातानें क्वचितच परततें. कुंकू, प्रसाद, कवड्यांची माळ आणि अष्टभुजा भवानीची एखादी तसबीर, यांतील कांहीं तरी बरोबर असतेंच. १८९४ सालीं मुंबईस राजा रविवर्मा यांचा छापखाना निघाला, आणि देवदेवतांचीं रंगीत चित्रें मध्यम स्थितींतील घरांतही पोंचलीं. त्याच भिंतीवर आजोबा-आजींचें छायाचित्रही टांगलेलें असतें. चार-दोन पावसाळे गेले कीं दोहोंविषयीं एकच तक्रार ऐकूं येते: कांचेच्या आड कागद फुगला आणि त्यास सुरकुत्या पडल्या.

याचा दोष बहुधा खळीकडे जातो. मैद्याची खळ शिजवावयाची, कसर लागूं नये म्हणून तींत मोरचूद घालावयाचें आणि चित्र पुठ्ठ्यावर डकवावयाचें, ही रीत जुनी आहे. परंतु ओला झालेला कागद पसरतो व वाळतांना आकसतो. धाराशिवसारख्या जिल्ह्यांत वैशाखांतील रखरखीत हवा आणि श्रावणांतील सर्द हवा यांच्यामध्यें ही ओढाताण पुढेंही चालूच राहते.

पाण्याचा उपयोगच टाळावा, या विचारांतून ‘ड्राय माउंटिंग’ ही पद्धत निघाली. चित्र व पुठ्ठा यांच्यामध्यें दोन्ही बाजूंस चिकट लेप असलेला पातळ कागद ठेवतात आणि तें सर्व तापलेल्या दाबयंत्रांत दाबतात. पूर्वीं हा लेप लाखेचा असे. आतां तो उष्णतेनें मऊ होणाऱ्या कृत्रिम द्रव्यांचा असतो. त्यास साधारणतः ८० ते १०० अंश सेल्सियस उष्णता पुरते.

अडचण अशी कीं, वितळलेला लेप आप-पर जाणत नाहीं. चिकट कागदाची कड चित्राबाहेर केसभर जरी राहिली, तरी तो यंत्राच्या तापलेल्या पाटीसही धरून बसतो. मग पाटीवर राहिलेला डाग पुढच्या चित्रावर, कदाचित् कोणाच्या आईच्या चेहऱ्यावरच, उमटतो. यासाठीं मध्यें जो कागद घालतात त्यास ‘रिलीज पेपर’ म्हणतात. त्यावर सिलिकोनचा थर असतो. अळवाच्या पानावर पाणी जसें पसरत नाहीं, तसाच या थरावर चिकट लेप रुजत नाहीं. थंड झाल्यावर कागद सहज सुटून येतो.

हा कागद चित्राच्या वर आणि पुठ्ठ्याच्या खालीं, दोन्हींकडे हवा. थर एकाच बाजूस असेल तर ती गुळगुळीत बाजू चित्राकडे करावी. ती उलटी पडली तर सर्व खटाटोप व्यर्थ. कागदावरील घडी किंवा धुळीचा एखादा कणही दाबाखालीं चित्रावर ठसा उठवितो. म्हणून चुरगळलेला कागद परत वापरण्याची काटकसर महाग पडते. स्वयंपाकघरांतील मेणकागद तर मुळींच घेऊं नये. त्याचें मेण वितळून चित्रांत मुरतें.

दुसरी गोष्ट ओलाव्याची. सिलिकोनच्या थरांतून वाफ सहजीं बाहेर पडत नाहीं. म्हणून पावसाळ्यांत चित्र व पुठ्ठा आधीं साध्या कोऱ्या कागदांत ठेवून यंत्रांत क्षणभर तापवावे आणि ओल निघून जाऊं द्यावी. ही पायरी गाळली कीं बुडबुडे आलेच. यंत्रांतून काढल्यावर चित्र सपाट वजनाखालीं थंड होऊं द्यावें, नाहीं तर पुठ्ठा वाकतो. प्लॅस्टिकचा थर दिलेल्या कागदावरील अलीकडचीं छायाचित्रें अधिक उष्णता सोशीत नाहींत. त्यांच्यासाठीं कमी उष्णतेवर चिकटणारा कागद वेगळा मिळतो.

इतकें करूनही एक भय उरतेंच. असें चिकटविलेलें चित्र पुढें सुखरूप सोडविणें फार कठीण असतें. देवीचें छापील चित्र बिघडलें तर दुसरें आणतां येतें. आजीचें एकुलतें एक छायाचित्र मात्र यंत्रांत देऊं नये. त्याची प्रत काढवून ती चिकटवावी, आणि मूळ छायाचित्र कागदी कोपऱ्यांत अडकवून पेटींत जपून ठेवावें.