बोट न दाखविणारें मूल

“याचा बापहि उशिरांच बोलूं लागला,” असें आजीबाई म्हणाल्या कीं घरांतील चर्चा संपते! आमच्या मतें मात्र बोलण्याआधीं मुलाचें बोट पाहावें. १८ महिन्यांचें मूल चांदोबा, काऊ बोटानें दाखवितें आणि आपणहि तिकडे पाहतों कीं नाहीं, तें वळून पाहतें. स्वमग्न, म्हणजे ऑटिझम असलेलें मूल पुष्कळदां तसें करीत नाहीं. आईचें मनगट धरून तिचा हात लाडवांच्या डब्याकडे नेतें. भरल्या घरांत न मागतांच सारें हातीं येतें, म्हणून ही उणीव झांकली जाते. हांकेला तें वळत नसल्यास कान तपासावेच; पण तेवढ्यावर थांबूं नये. आईची माया उणी पडल्यानें असें होतें, हें मत केव्हांच खोटें ठरलें आहे. तेव्हां सुनेला बोल न लावतां मुलाला बालरोगतज्ज्ञाकडे न्यावें. आलेले शब्द हरपूं लागले तर विनाविलंब.