पद्मिनी पूल का चढेना?

आज आम्ही मोटारीच्या इंजिनाबद्दल बोलणार आहोत. हा काय बायकांचा विषय आहे, असं म्हणून रेडिओ बंद करू नका. आमच्याकडे हा प्रश्न थेट बचत गटाच्या बैठकीत आला, कर्जाचा अर्ज होऊन.

हेंद्रेपाड्यात आमच्या गटातल्या एका ताईंच्या अंगणात त्यांच्या सासऱ्यांची प्रीमियर पद्मिनी आहे. गटाचे पापड, कुरडया, मसाले तिच्यातूनच बदलापूर पूर्वेला जातात, आणि पूर्वेला जायचं तर उड्डाणपूल चढावा लागतो. दिवाळीच्या आधी चौघी जणी आणि डिकीभर माल घेऊन निघालो, तर पुलाच्या मध्यावर गाडी धापा टाकायला लागली. पहिल्या गिअरवरही सरकेना. मागे रिक्षांचे हॉर्न. शेवटी दोघी उतरून चालत वर गेल्या, तेव्हा कुठे ती चढली.

ताईंच्या मुलाने एका गॅरेजात विचारलं. तिथला कारागीर म्हणाला, ह्या इंजिनात दमच नाही, भंगारातलं दुसऱ्या गाडीचं मोठं इंजिन बसवून देतो. त्यासाठी ताईंनी गटाकडे ६० हजार मागितले. दोघी-तिघी लगेच हो म्हणायच्या बेतात होत्या. पण पैसा सगळ्यांचा. आम्ही आठ दिवस मागून घेतले आणि दुसऱ्या एका जुन्या मेकॅनिककाकांना गाठलं. ह्या काकांनी मुंबईच्या टॅक्सींवर उभी हयात काढलेली.

ही गाडी आपल्याच मध्य रेल्वेच्या वाटेवर, कुर्ल्याला तयार व्हायची. वालचंद हिराचंदांनी १९४४ साली काढलेल्या प्रीमियर कंपनीत. मूळची ही इटलीची फियाट ११००. मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्सी म्हणून ती सगळ्यांना माहीत. त्या टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेल्या. तिचं इंजिन १०८९ सीसीचं, ताकद सुमारे ४० अश्वशक्ती. आजच्या एक लिटरच्या छोट्या गाडीलाही ६५च्या आसपास असते. म्हणजे पद्मिनी मुळातच हळू, हे खरं. पण पूल चढू नये इतकी अशक्त नाही. नाहीतर पाच माणसं आणि टपावर सामान घेऊन त्या टॅक्सी मुंबईतले पूल कशा चढल्या असत्या?

काकांनी समजावलं ते आम्हाला कुकरवरून कळलं. कुकरची रिंग सैल झाली की वाफ बाजूने जाते, शिट्टी होत नाही. आच कितीही मोठी करा, गॅस तेवढा जळतो. इंजिनातही तसंच. पेट्रोल आणि हवा आत येते, पिस्टन ती दाबतो, ठिणगी पडते, भडका पिस्टनला खाली ढकलतो. दाब बाहेर निसटला तर ढकलण्यात जोर राहत नाही. गंमत म्हणजे पिस्टनवर असते तिलाही रिंगच म्हणतात.

मग दाब मोजायचा कसा? स्पार्क प्लग काढून तिथे मीटर लावायचा आणि स्टार्टर फिरवायचा. चारही सिलिंडर असे तपासायचे. ज्याचा आकडा कमी, त्यात चमचाभर इंजिन ऑइल टाकून पुन्हा मोजायचं. आकडा वाढला तर रिंगा झिजल्यात, कारण तेलाने फट तात्पुरती बुजली. नाही वाढला तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट. आमच्या गाडीत मधल्या, शेजारशेजारच्या दोन सिलिंडरचा दाब कमी आणि तेल टाकूनही तेवढाच. काका म्हणाले, दोघांच्या मधलं हेड गॅस्केट फुटलंय, एकाचा दाब दुसऱ्यात जातोय. चारातले दोन नीट काम करत नव्हते, आणि आम्ही नवीन इंजिन घ्यायला निघालो होतो!

दुसरी गोष्ट निघाली ती जॅकवर. चाक उचलून हाताने फिरवलं तर मागचं डावं चाक फिरेचना. जुलै २०१९च्या पुरात उल्हास नदीचं पाणी गाडीच्या चाकांवर आलं होतं. तेव्हापासून ब्रेकचा ड्रम गंजत होता आणि ब्रेक अर्धा लागलेलाच राहत होता. म्हणजे गाडी एक पाय बांधून पूल चढत होती.

ताईंच्या मुलाचं तेवढ्याने समाधान होईना. तो म्हणाला, पण ताकद वाढवता येते ना? येते. पूर्वी चेन्नईजवळच्या शोलावरमच्या शर्यतींत लोक फियाटी अशाच तयार करून पळवत. हेड घासून दाब वाढवायचा, दोन कार्बोरेटर लावायचे, सिलिंडर मोठा करायचा. ह्यातल्या शेवटच्याचा हिशेब आम्ही वहीवर मांडला. सिलिंडरचं तोंड ६८ मिलिमीटर, पिस्टनची धाव ७५. तोंड एक मिलिमीटरने वाढवलं तर १०८९चे साधारण ११२२ सीसी होतात. शंभराला तीन. त्यासाठी नवे पिस्टन, नव्या रिंगा! हेड जास्त घासलं तर साध्या पेट्रोलवर इंजिन आतून टकटक वाजायला लागतं आणि पिस्टनला मार बसतो. शर्यतीच्या गाडीचं इंजिन दर हंगामाला उघडतात. आपल्याला रोज पापड पोचवायचेत.

आणि थांबायचं काय? पद्मिनीला चारही चाकांना जुने ड्रम ब्रेक. वेग दुप्पट झाला की ब्रेक दाबल्यापासून गाडी थांबेपर्यंतचं अंतर चौपट होतं. जोर वाढवणाऱ्याने आधी ब्रेकवर खर्च करावा, हे आमचं ठाम मत.

आता कागदाचं. आरसी बुकावर इंजिन नंबर असतो. मोटार वाहन कायदा १९८८च्या कलम ५२ प्रमाणे आरटीओच्या परवानगीशिवाय इंजिन बदलता येत नाही. असा बदल केला तर मालकाला दर बदलामागे ५००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. अपघात झाला तर विमा कंपनी ह्याच कारणाने हात वर करू शकते. शिवाय खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनी आणि पुढे दर पाच वर्षांनी नवी करावी लागते. तिथे तपासणीत नंबर जुळला नाही तर काय सांगणार? भंगारातल्या इंजिनाचा आधीचा मालक कोण, हेही आपल्याला ठाऊक नसतं. गॅरेजातल्या माणसाने ह्यातलं एक अक्षर सांगितलं नव्हतं. गाडी ताईंच्या नावावर, म्हणजे दंडही ताईंनाच.

गटाने १४ हजार मंजूर केले. हेड सपाट करून नवं गॅस्केट, व्हॉल्व्ह घासून बसवले, टॅपेट आणि टायमिंग लावलं, कार्बोरेटर साफ केला, चारही ब्रेक उघडून मागचे दोन सिलिंडर बदलले. पेट्रोलच्या जुन्या रबरी नळ्याही बदलल्या, कारण हल्लीच्या २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलने जुनं रबर लवकर खराब होतं. कंडेन्सर मात्र चुकीचा आला आणि गाडी आणखी तीन दिवस अंगणातच बसली. त्या तीन दिवसांचा माल आम्ही रिक्षाने नेला.

आता चौघी आणि माल घेऊन ती दुसऱ्या गिअरवर पूल चढते. पाचवी असली तर पहिला टाकावा लागतो. ताईंचे सात हप्ते फिटलेत. मुलाला दोन कार्बोरेटर अजून हवेच आहेत, पण त्याचा अर्ज काही गटाकडे आलेला नाही.